परदेशात डॉक्टरकी शिकायला जायचंय? आधी परतीचा हिशेब मांडा

नीटचा निकाल लागला की दारव्हा, दिग्रस, आर्णी भागातले पालक माझ्याकडे यायला लागतात. एका हातात मार्कशीट, दुसऱ्या हातात कुठल्यातरी कन्सल्टन्सीचं रंगीत माहितीपत्रक. "मॅडम, पोरीले तीनशे वीस मार्क भेटले. सरकारीत तर नंबर लागत नाही म्हन्ते. किर्गिस्तानले पाठवू का?" मी स्वतः किर्गिस्तानच्या राजधानीत, बिश्केकला शिकले आणि आज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. म्हणूनच 'पाठवा' किंवा 'पाठवू नका' असं एका शब्दात सांगणं मला जमत नाही. कोणाला पाठवायचं, कुठे, किती पैसे हाताशी ठेवून आणि काय काय तपासून, हे समजल्यावरच त्या प्रश्नाला उत्तर मिळतं.

एजंट हिशेब प्रवेशापासून सुरू करतो. तुम्ही परतीपासून सुरू करा. पोरगी शेवटी इथेच, आपल्या माणसांत दवाखाना करणार ना? मग भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी व्हायला काय लागतं ते आधी बघा, आणि तिथून मागे येत येत देश, कॉलेज, पैसा ठरवा.

नोंदणीचे नियम

मी गेले तेव्हा परदेशी जाण्यासाठी नीटची अट नव्हती. पाच वर्षं तिकडे, एक परीक्षा आणि वर्षभराची इंटर्नशिप इकडे, असं सरळ होतं. आता तसं राहिलेलं नाही, आणि आमच्या काळातल्या मुलांचं उदाहरण देऊन कोणी तुम्हाला पटवत असेल तर तिथेच थांबा. २०१८ पासून नीट पात्रता सक्तीची आहे. त्या निकालावर तीन वर्षांच्या आत परदेशी प्रवेश घेता येतो. 'नीटशिवाय डायरेक्ट ॲडमिशन' म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. नीटमध्ये पात्र न होता गेलेल्या मुलाला परत आल्यावर इथली परीक्षाच देता येत नाही.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, म्हणजे एनएमसीने, १८ नोव्हेंबर २०२१ ला परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी नवे नियम लागू केले. त्यातला गाभा असा. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं. ती पदवी घेऊन त्या देशात, तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने, डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळायला हवा. प्रवेशापासून दहा वर्षांत सगळं पूर्ण व्हायला हवं. आणि भारतात परत आल्यावर पात्रता परीक्षा, मग इथल्या १२ महिन्यांची इंटर्नशिप वेगळी. मध्येच कॉलेज बदलून दुसऱ्या देशात किंवा भारतात येता येईल, ही आशा धरू नका. सगळं शिक्षण एकाच संस्थेत झालेलं लागतं.

म्हणजे साडेचार वर्षं अधिक एक वर्ष तिकडे. बऱ्याच देशांत प्रत्यक्षात सहा वर्षं होतात. मग परीक्षा, मग इथलं एक वर्ष. सात वर्षं धरा, आठ धरली तर आणखी बरं. ज्या बापाला पाच वर्षांनी पोरगा कमावता होईल असं वाटतंय, त्याला हा आकडा आधी सांगा.

आता हे तपासायचं कसं? एजंटच्या माहितीपत्रकावर 'एनएमसी मान्यताप्राप्त' असं छापलेलं असतं. एनएमसी परदेशी कॉलेजांची अशी मान्य यादी काढतच नाही. जगभरच्या वैद्यकीय कॉलेजांची एक निर्देशिका इंटरनेटवर आहे, तिच्यात नाव असलं म्हणजे मान्यता मिळाली असं होत नाही. त्यामुळे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागाला स्वतः ईमेल करा आणि लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह चार गोष्टींचं उत्तर मागा: अभ्यासक्रम किती महिन्यांचा, शेवटच्या वर्षापर्यंत सगळे विषय इंग्रजीतून शिकवणार का, बारा महिन्यांची इंटर्नशिप कुठल्या दवाखान्यात देणार, आणि परदेशी विद्यार्थ्याला तिथला परवाना मिळतो का. चांगलं विद्यापीठ असं पत्र देतं. जे देत नाही त्याला पैसे पाठवू नका.

देशागणिक खोच वेगळी असते. रशियात काही ठिकाणी पहिली काही वर्षं इंग्रजीत आणि पुढे रशियनमध्ये शिकवतात. हे माध्यमाच्या अटीत अडकतं. किर्गिस्तानात परदेशी मुलांचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा राहिला आहे, तर इंटर्नशिपचं वर्ष कसं आणि कुठे, ते लेखी घ्या. फिलिपाइन्समध्ये आधी बीएस ही पदवी आणि मग चार वर्षांचं एमडी (तिथली मूळ डॉक्टरकीची पदवी) अशी रचना आहे; चार वर्षं म्हणजे ४८ महिने, नियमात ५४ लिहिलेत, हे लक्षात ठेवून प्रश्न विचारा.

जाण्याआधी इथली दारं

ज्या पालकांना घाई असते त्यांना मी आधी हे विचारते: राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्या झाल्या का? विदर्भातली परिस्थिती बदलली आहे. नागपूरची मेडिकल आणि मेयो, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया ही सरकारी कॉलेजं होतीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमरावती, वाशिम, बुलढाणा, भंडारा आणि गडचिरोली इथल्या नव्या सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं. प्रत्येकी १०० जागा. शेवटच्या फेरीपर्यंत थांबा. मार्क थोडक्यात कमी पडले असतील आणि पोरगी अभ्यासाला बसणारी असेल तर एक वर्ष पुन्हा तयारी करणं हे सात-आठ वर्षं आणि पंचवीस-तीस लाखांपेक्षा स्वस्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि बीएएमएस, बीएस्सी नर्सिंग, फार्मसी यांना कमी समजू नका. ज्याला फक्त नावापुढे 'डॉ.' हवंय आणि रक्त पाहून ज्याला भोवळ येते, त्याला पाठवू नका.

जायचं त्याने, ज्याला नीटमध्ये ठीक मार्क आहेत पण सरकारी जागा थोडक्यात हुकली, खाजगी कॉलेजची फी झेपत नाही, आणि एकटं राहून रोज पाच-सहा तास वाचायची सवय आहे. पाच-सहा तास म्हणजे कॉलेज सोडून.

पैसा

इथे जरा सावकाश जाऊ, कारण घरं इथेच मोडतात.

एजंट जो आकडा सांगतो त्यात बहुतेक पहिल्या वर्षाची फी, होस्टेल आणि मेस असते. तुम्ही पूर्ण काळाचं कोष्टक मांडा: दर वर्षाची फी, होस्टेल, जेवण, आरोग्य विमा, व्हिसाचं नूतनीकरण, उन्हाळ्यात घरी यायचं तिकीट, हिवाळी कपडे, पुस्तकं, परत आल्यावर परीक्षेच्या कोचिंगचा आणि राहण्याचा खर्च. मध्य आशियातल्या देशांत सगळं मिळून वीस-तीस लाखांच्या घरात जातं, रशिया आणि जॉर्जियात त्याहून वर जाऊ शकतं.

फी बहुतेक डॉलरमध्ये असते. २०१४ मध्ये डॉलर साठ-बासष्ट रुपयांना होता, २०२५ मध्ये पंच्याऐंशीच्या वर गेला. ४,००० डॉलर फी धरली तर तेव्हा अडीच लाखांच्या आत भागायचं, आता साडेतीन लाखांजवळ जातं. सात वर्षांचं कोष्टक आजच्या भावाने मांडू नका. दर वर्षी थोडा भाव वाढवून मांडा.

आता कर्ज. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. आपल्याकडे तारण म्हणजे वावर. वडील सातबारा घेऊन तालुक्याच्या शाखेत जातात आणि मॅनेजर म्हणतो, शेतजमीन चालत नाही, एनए प्लॉट किंवा शहरातलं घर आणा. कास्तकाराला वाटतं आपला अपमान केला. तसं नाही, कर्ज थकलं तर जप्तीचा जो कायदा बँका वापरतात, सरफेसी, तो शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून बँक ती तारणात घेत नाही. शिवाय त्याच सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आधीच चढलेला असतो. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ बँकेला पुरत नाही. स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मिळालंय का ते बघा, त्याने बोलणी तरी सुरू होतात. मामा, काका, कोणाचा यवतमाळ-अमरावतीला प्लॉट असेल तर त्यांना सहकर्जदार व्हायला विचारावं लागतं, आणि हे विचारायला लाज धरू नका, पण त्यांनाही पूर्ण जोखीम सांगूनच सही घ्या. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून केला तर तो कुठे अडला ते कळत राहतं.

कर्जात एक फट आहे जी कोणी दाखवत नाही. हप्ते साधारण अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. पण तुमची मुलगी पदवी घेऊन आल्यावर आधी परीक्षेची तयारी करणार, मग बारा महिने इंटर्नशिप. म्हणजे कमाई सुरू व्हायच्या आत हप्ता दारात येतो. कर्ज मंजूर होतानाच बँकेला हे समजावून जास्त मुदत मागा, आणि शक्य असेल तर शिक्षण चालू असतानाच व्याज भरत जा, मुद्दलावर ते चढू देऊ नका.

शिष्यवृत्तीबद्दल गैरसमज खूप. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत; बारावीनंतरच्या एमबीबीएसला त्या मिळत नाहीत. ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. तुमच्या अभ्यासक्रमाला आणि देशाला ती बसते का, हे जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. जाताना एजंटला नेऊ नका, स्वतः जा.

वावर विकायचं का? सगळं विकू नका. सात वर्षांत दोन-तीन हंगाम तरी पावसाने किंवा भावाने मारले जाणार, हे आपल्याला माहीत आहे. कापूस-सोयाबीनच्या पैशावर दर सप्टेंबरला फी भरायची असेल तर एका वर्षाची पूर्ण फी नेहमी बाजूला असू द्या. माझ्या वर्गातल्या काही मुलांची फी घरून उशिरा यायची आणि परीक्षेच्या तोंडावर त्यांना डीनच्या कार्यालयाबाहेर ताटकळत बसावं लागायचं. अभ्यासात हुशार होती ती.

पैसे विद्यापीठाच्या खात्यावरच पाठवा, बँकेतून, पावतीसकट. एजंटला त्याची सेवा फी वेगळी द्या आणि ती किती ते आधी लिहून घ्या. रोख रक्कम कोणाच्याही हाती देऊ नका, तो गावचा जावई असला तरी. परदेशी मोठी रक्कम पाठवताना एका मर्यादेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. कर्जातून गेलेल्या फीवर तो आता लागत नाही, आणि कापला गेला असेल तर आयकर विवरणपत्र भरून परत मागता येतो. शेतकरी घरात विवरणपत्र भरायची सवय नसते म्हणून हा पैसा तसाच राहून जातो.

कागद

दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आपलं नाव आडनावापासून सुरू होतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर वेगळा क्रम, एखादं अक्षर वेगळं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. हे तिन्ही जुळवल्याशिवाय पासपोर्टचा अर्ज करू नका, कारण पासपोर्टवरचं नाव परदेशी पदवीवर उतरतं आणि ती पदवी सात वर्षांनी बारावीच्या मार्कशीटशी ताडून पाहिली जाते. 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत किती प्रकारे लिहितात ते आठवा. वडिलांचं नाव कुठे पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, असं ठेवू नका.

मार्कशीट, बोर्डाचं प्रमाणपत्र, जन्मदाखला यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून घ्या. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिस्तान हे देश ते मानतात. मूळ कागद एजंटकडे ठेवायला देऊ नका. जात वैधता प्रमाणपत्र जायच्या आधीच काढा. पुढे पदव्युत्तर प्रवेशाला ते लागेल, आणि परदेशात बसून समितीच्या तारखा सांभाळणं फार अवघड.

पहिलं वर्ष

जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून गेलेल्या मुलामुलींना पहिले तीन महिने जड जातात. शिक्षकांचं इंग्रजी त्यांच्या उच्चारातलं, पुस्तकातलं इंग्रजी वेगळं, आणि शेजारी केरळ, राजस्थान, पाकिस्तानची मुलं. घाबरू नका. मला उपयोगी पडली ती रीत सांगते. धडा आधी मराठीत स्वतःशी समजून घ्यायचा, हाड हातात धरून. मग तोच धडा इंग्रजीत मोठ्याने बोलायचा, खोलीतल्या मैत्रिणीला शिकवल्यासारखा. मोठ्याने बोलणं का, तर तिकडची परीक्षा बऱ्याच अंशी तोंडी असते. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या असतात, त्यांना 'बिलेट' म्हणतात. एक उचलायची, तिच्यावरचे प्रश्न वाचून थोडा वेळ कागदावर मुद्दे काढायचे, आणि मग प्राध्यापकासमोर खुर्ची ओढून बसायचं. येत असूनही बोलता आलं नाही तर मार्क जातात. आपल्याकडे बारावीपर्यंत कोणी बोलायला लावत नाही, म्हणून ही सवय जायच्या आधी, उन्हाळ्यातच लावून घ्या.

'अत्राबोत्का' हा शब्द तिकडे गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतो: बुडवलेला प्रत्येक तास नंतर जाऊन भरून काढायचा, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. आजारी पडलात तर दवाखान्याचा कागद लगेच डीनच्या कार्यालयात द्या. काही एजंट सांगतात हजेरीचं बघून घेऊ. बघून घेतलेल्या हजेरीने इथली परीक्षा पास होत नाही.

पोहोचल्यावर पहिल्या काही दिवसांत पासपोर्टची स्थानिक नोंदणी होते. होस्टेलवाले पासपोर्ट घेतात, तेव्हा त्याची आणि व्हिसाच्या पानाची छायाप्रत जवळ ठेवा, आणि फोनमध्ये फोटोही.

थंडीबद्दल थोडं. आपण पंचेचाळीस अंशात वाढलेली माणसं. बिश्केकच्या जानेवारीत पारा शून्याखाली दहा-पंधरापर्यंत उतरतो, रशियात त्याहूनही खाली. जाड जॅकेट आणि बूट इथून नेऊ नका, तिथले तिथेच घ्या. बिश्केकला दोर्दोय नावाचा प्रचंड बाजार आहे, कंटेनरमध्ये थाटलेली दुकानं, तिथे ते योग्य आणि स्वस्त मिळतं. इथून थर्मल, लोकरी मोजे, छोटा कुकर, सीलबंद पाकिटातला मसाला आणि जवसाची चटणी न्या. घरच्या डब्यातली सुटी पूड विमानतळावर काढून घेऊ शकतात. ज्वारीचं पीठ पहिल्या वेळी थोडंच न्या. गव्हाच्या पोळीवर आणि तिथल्या ब्रेडवर महिनाभरात जीव रमतो. मांस न खाणाऱ्यांनी स्वतः स्वयंपाक शिकूनच जावं, मुलग्यांनीसुद्धा.

रुग्णाशी बोलायचं कसं

शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असलं तरी वॉर्डातला आजोबा इंग्रजी बोलत नाही. तिसऱ्या वर्षापासून सगळ्यात मोठी अडचण ही. बरीच मुलं भिंतीला टेकून उभी राहतात, शिक्षक रुग्णाशी बोलतो, दोन ओळी इंग्रजीत सांगतो, तास संपतो. पाच वर्षं अशी काढली तर पोटाला हात लावायची भीती परत येईपर्यंत जात नाही.

म्हणून पहिल्या वर्षापासून तिथली भाषा मनापासून शिका. मी वहीत रुग्णाला विचारायचे प्रश्न देवनागरीत लिहून ठेवले होते. 'श्तो वास बिस्पकोइत', काय त्रास होतोय. 'ग्दे बलीत', कुठे दुखतं. 'दिशीते', श्वास घ्या. 'नि दिशीते', श्वास रोखा. एवढ्या भांडवलावर छाती तपासायला मिळते. तुटकं बोललात तरी आजीबाई हसून हात पुढे करतात, आणि तुम्ही प्रयत्न करता हे पाहून शिक्षकही रुग्ण तुमच्याकडे सोपवू लागतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तिथल्या वॉर्डात आपले आजार दिसत नाहीत. घोणस चावलेला माणूस बिश्केकला नाही. सिकलसेलचं दुखणं घेऊन तळमळणारं पोरगं नाही. फवारणीची विषबाधा नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आजही असा माणूस आमच्या केंद्रात येतो. घाम फुटलेला, तोंडातून लाळ, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, छातीत घरघर. अशा वेळी कपडे काढून अंग साबणाने धुवायला सांगायचं, श्वास सांभाळायचा, ॲट्रोपिन हे औषध सुरू करायचं आणि छातीतली घरघर थांबते का ते दर काही मिनिटांनी कान लावून ऐकायचं. हे पुस्तकात आहे. पण पहिल्यांदा पाहताना हात थरथरू नये, यासाठी ते आधी कोणाच्या तरी मागे उभं राहून पाहिलेलं असावं लागतं.

म्हणून दर उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आल्यावर पंधरा दिवस लग्नं आणि पंधरा दिवस झोप असं करू नका. ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, फक्त निरीक्षणासाठी परवानगी मागा. सकाळची ओपीडी बसून पाहा. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंबरोबर वस्तीवर जा. जुलै-ऑगस्टची सुट्टी असेल तर साप, विंचू, हिवताप, जुलाब, फवारणी सगळं त्याच दिवसांत येतं. अंगावर इंजेक्शन द्यायचा हट्ट करू नका, तुम्हाला अजून परवाना नाही. पण डोळे आणि कान उघडे ठेवायला परवाना लागत नाही.

परीक्षा

परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता परीक्षा, द्यावी लागते. वर्षातून दोनदा होते, ३०० बहुपर्यायी प्रश्न, पास व्हायला १५०, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात अलीकडच्या अनेक परीक्षांत पाचांतला एखादा, चांगल्या वेळी तीन-चारांतला एखादा पास झाला. हिच्या जागी नेक्स्ट नावाची परीक्षा आणायचं ठरलं आहे, तारखा पुढे जात आल्यात. तुमच्या वेळी कोणती असेल त्याची चिंता आत्ता नको, अभ्यास तोच लागतो.

मुलं नापास होतात ती बुद्धी कमी म्हणून नाही. पाच-सहा वर्षं तिथल्या पद्धतीने तोंडी परीक्षा देतात, आणि मग अचानक भारतीय प्रश्नपत्रिका समोर येते, जिच्यात क्षयरोग कार्यक्रम, लसीकरणाचं वेळापत्रक, माता-बाल आरोग्य, न्यायवैद्यक यांवर इथल्या संदर्भातले प्रश्न असतात. तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक विषय तिथला शिकताना त्याच महिन्यात भारतीय लेखकाचं पुस्तक आणि जुने प्रश्न काढा. सामाजिक वैद्यकशास्त्राला सगळे टाळतात. तुम्ही ते आधी घ्या; गावच्या मुलांना तो विषय कळायला सोपा जातो, कारण उपकेंद्र, अंगणवाडी, एएनएम हे सगळं आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं.

वाईट दिवस आले तर

फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि आपल्या हजारो वैद्यकीय विद्यार्थ्यांना ऑपरेशन गंगामधून परत आणावं लागलं. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर जमाव चालून गेला, भारतीय दूतावासाने मुलांना आत राहायला सांगितलं. जून २०२५ मध्ये इराणमधून विद्यार्थी आणले गेले. हे कुठेही होऊ शकतं. पोहोचल्या पोहोचल्या भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवा. त्यांचा आपत्कालीन क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आणि घरी भिंतीवर, दोन्हीकडे असू द्या. परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. एका परतीच्या तिकिटाइतके पैसे मुलाच्या खात्यात कायम राहू द्या, कितीही अडचण आली तरी त्याला हात लावायचा नाही.

आणि रोजचे वाईट दिवस. नोव्हेंबरनंतर लवकर अंधार पडतो. पोरं खोलीत कोंडून घेतात, जेवण सोडतात, तास बुडवतात. घरून फोन आला की "सगळं बरं आहे" म्हणतात. पालकांनी फोनवर फक्त मार्क विचारू नयेत. आज काय जेवलीस, कोणाबरोबर जेवलीस, हे विचारा. दोन-तीन आठवडे आवाज उतरलेला वाटला तर खोलीतल्या मैत्रिणीशी बोला, तिचा नंबर पहिल्याच महिन्यात घेऊन ठेवा. एखादं वर्ष थांबून परत यावं लागलं तर गाव काय म्हणेल, हा विचार मुलीच्या जिवापुढे ठेवू नका. हे मी पालकांना हात जोडून सांगते. घरी कोणी आजारी असेल तरी तिच्यापासून लपवू नका. तिला चुलत भावाच्या स्टेटसवरून कळणं जास्त क्रूर आहे.

परत येताना

पदवीदान झालं की सगळ्यांना घर दिसू लागतं. तिकीट काढण्याआधी विद्यापीठातून हे कागद घ्या: पदवी, सगळ्या वर्षांची गुणपत्रिका तासांच्या तपशिलासह, बारा महिन्यांच्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र दवाखान्याच्या नावानिशी, इंग्रजी माध्यमाचं पत्र, आणि त्या देशात परवाना मिळू शकतो याचा कागद. पदवीवर अपोस्टिल तिथेच करून घ्या. इथून कुरियरने पाठवून करणं महिने खातं. प्रत्येक कागदावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि चूक असेल तर खिडकीवरून हलू नका.

परीक्षा पास झाल्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिपची जागा. वैद्यकीय कॉलेजांत परदेशी पदवीधरांसाठी जागांचा वाटा ठरलेला असतो, त्यामुळे वाट पाहावी लागू शकते. त्या काळात रिकामं बसू नका, पण नोंदणीशिवाय कोणाच्या दवाखान्यात 'डॉक्टर' म्हणून बसूही नका; खेड्यात तशी बोलावणी लगेच येतात. जागा निवडता आली तर जिथे रुग्ण जास्त आणि हात लावायला मिळतो अशी घ्या. यवतमाळ, अकोला, चंद्रपूरच्या सरकारी रुग्णालयांत बाळंतपणं, सर्पदंश, अपघात यांची रात्रपाळी मागून घ्या.

कोणाच्या घरी नीटचा निकाल लागला असेल आणि कोष्टक मांडताना अडत असेल, तर ओपीडी संपल्यावर दुपारी दोननंतर या. माहितीपत्रक आणू नका, विद्यापीठाचं पत्र आणि सातबारा आणा.